पेन्सिलवर शाई चढवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जेटीवर बसून लहान वहीत पेन्सिलीने होड्या आणि समुद्र काढता, घरी येऊन त्यावर शाई करता, आणि शाई झाली की चित्रातला जीव जातो. मग जागेवरच थेट शाईने काढावं का? पेन्सिल खोडावी का? शाई आणि कागद कुठला घ्यावा?

घरी आणल्यामुळे चित्र मरत नाही. पेन्सिलची रेष गिरवल्यामुळे मरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर याच्याभोवतीच फिरणार आहे.

तुमच्या प्रश्नातल्या सगळ्या गोष्टी ज्यात आहेत असं एक जुनं रेखाटन घेऊ. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंत-मारी-द-ला-मेर इथल्या समुद्राचं आणि त्यातल्या शिडाच्या होड्यांचं एक रेखाटन केलं. ते आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. आकार साधारण २४ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून जेमतेम मोठा. खाली पेन्सिल, वर शाई. आणि मुख्य म्हणजे, हे काम समुद्रासमोर बसून केलेलं नाही. समुद्र पाहून आल्यावर काही आठवड्यांनी, तो तेव्हा राहत होता त्या आर्ल गावात, स्वतःच्याच तैलचित्रावरून केलेलं आहे.

त्या सहलीची हकीकत त्याच्या पत्रांमधून बरीच कळते. मे संपून जून लागताना तो आर्लहून घोडागाडीने कामार्गचा सपाट, पाणथळ मुलूख ओलांडून भूमध्य समुद्राच्या काठावरच्या या कोळ्यांच्या गावी गेला. बरोबर तीन कॅनव्हास होते, तिन्ही भरले: दोन समुद्राचे, एक गावाचा. शिवाय रेखाटनं. या समुद्राचा रंग बांगड्यासारखा आहे, सारखा बदलतो, हिरवा म्हणावा की जांभळा ते ठरत नाही, असं त्याने भाऊ थेओला लिहिलं. ताजा बांगडा ज्याने उन्हात हातात धरलाय त्याला यावर अधिक काही सांगायला नको.

याच मुक्कामात त्याने वाळूवर ओढलेल्या होड्यांचंही एक रेखाटन केलं, आकाराने याच्याहून मोठं. परत निघायच्या दिवशी भल्या सकाळी, होड्या पाण्यात जायच्या आत, तासाभरात ते झालं. एरवी तो दृश्य नीट बसवायला दोऱ्या ताणलेली एक चौकट वापरायचा. या वेळी ती न घेता, मोजमाप न करता, पेन जाईल तसं काढलं, याचं त्याला स्वतःलाच अप्रूप वाटलं होतं. कुठे कुठला रंग आहे ते त्याने त्या रेखाटनावर शब्दांत लिहून ठेवलं आणि आर्लला परतल्यावर त्यावरून तैलचित्र रंगवलं. लोक या तासाभराचं कौतुक करतात. पण त्याच पत्रात तो हेही सांगतो की आधीच्या सकाळी तो ते दृश्य रोज पाहत होता. होड्या फार लवकर निघायच्या, म्हणून काढायला जमत नव्हतं. हा पाहण्यात गेलेला वेळ कागदावर कुठेच दिसत नाही, पण तो तासाभराचा हात त्यातूनच आलेला आहे. तुम्ही जेटीवर पोचल्या पोचल्या वही उघडत असाल तर आधी हे बदला.

आता त्या लहान रेखाटनाकडे येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅन गॉगने आपल्या ताज्या तैलचित्रांवरून रेखाटनांचे तीन संच केले. पंधरा रेखाटनं एमिल बर्नार या चित्रकार मित्राला पाठवली, बारा जॉन पीटर रसेल या ऑस्ट्रेलियन चित्रकाराला, आणि पाच थेओला. समुद्रातल्या होड्यांचं चित्र तिन्ही संचांत आहे. गुगेनहाइममधलं आहे ते रसेलला पाठवलेलं. बर्नारचं बर्लिनला, थेओचं ब्रसेल्सला, आणि ज्यावरून ही तिन्ही झाली ते तैलचित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

या तिन्ही रेखाटनांची छायाचित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर सहज मिळतात. ती शेजारी शेजारी ठेवून बघा. विषय एक, होड्यांच्या जागा जवळपास त्याच. पण लाटांच्या रेषा तिन्हींत वेगळ्या. एकच माणूस, एकच चित्र समोर ठेवून, तीनदा काढतो आणि तिन्ही वेळा समुद्रासाठी रेषांची नवी मांडणी करतो. खालची पेन्सिल त्याला होडी कुठे बसते एवढंच सांगते. पाणी कसं काढायचं हे तो शाईचं पेन हातात घेतल्यावर ठरवतो. घरी बसून शाई केली की चित्र मरतंच असं असतं, तर ही तिन्ही मेली असती.

यात त्याच्या हत्याराचाही वाटा आहे. व्हॅन गॉग हे बोरूने, म्हणजे काडी तासून केलेल्या लेखणीने, काढायचा. आर्लच्या परिसरात चांगले बोरू मिळाले, ते तो हंसाच्या पिसाच्या लेखणीसारखे तासून घ्यायचा. हॉलंडमध्ये त्याने हा प्रयोग आधी केला होता, पण तिथे इतके चांगले बोरू मिळत नव्हते, असं त्यानेच लिहिलंय. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी लिहायला पिढ्यान्‌पिढ्या हाच बोरू वापरला गेला, आणि सुलेखनाचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो आजही मिळतो. एक घेऊन बघा. बोरू फार थोडी शाई धरतो. दौतीत बुडवला की पहिला फटकारा गडद आणि ओला येतो, दुसरा-तिसरा मध्यम, मग रेष कोरडी, खरखरीत होत संपते. तुम्हाला मनात असलं तरी त्याने होडीची अख्खी बाजू एका दमात गिरवता येत नाही. दर चार-सहा फटकाऱ्यांनंतर थांबावं लागतं, आणि थांबलं की नजर वर जाते. ०.१ किंवा ०.३ मापाच्या तयार पेनांनी हे थांबणंच काढून टाकलंय. ती पेनं वाईट नाहीत, मीही वापरतो. पण त्यांची रेष सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची येते आणि गिरवायची सवय असलेल्या हाताला ती फार सोयीची पडते.

जागेवर पेन्सिलीने काय टिपायचं? माझ्या मते फार थोडं. क्षितिजाची रेष, होडी कुठल्या कोनात आहे, डोलकाठी कुठे आणि किती कलली आहे, पाण्याचा काठ वाळूवर कुठे येतो, उजेड कुठून येतोय. होडीचं बूड, मासळीच्या टोपल्या, दोरखंड यांचा तपशील एखाद्याच ठिकाणी, जिथे चित्राचा भार आहे तिथे. बाकी शब्दांत लिहा: ‘इथे सावली सर्वांत काळी’, ‘नाळ लाल’ (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक), ‘मागचा डोंगर फिका’. पेन्सिलीत छाया भरत बसू नका. तुम्ही जेटीवरच छायेसकट पूर्ण चित्र करून आणता, मग शाईला करायला काही उरतच नाही, ती बिचारी गिरवते. माझ्या अंदाजाने तुमच्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

क्षितिजाबद्दल जरा थांबतो, कारण किनाऱ्याच्या चित्रात बहुतेक गडबड तिथेच होते. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. सपाट पुळणीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्याच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे क्षितिजाच्या रेषेवर येतात. लांबच्या माणसांचे पाय तेवढे रेषेच्या जवळ सरकतात. तुम्ही बसलात की क्षितिज त्यांच्या छाती-पोटातून जातं आणि डोकी आकाशात येतात. जेटी उंच असली, तर खालच्या होड्या अख्ख्या क्षितिजाखाली येतात आणि त्यांच्या आतला भाग दिसतो. हे न पाळल्यामुळे लांबच्या होड्या पाण्यावर न बसता भिंतीवर टांगल्यासारख्या दिसतात. रेष कितीही सुंदर असली तरी ही चूक झाकत नाही.

होडी काढताना वरच्या काठाची वळणदार रेष आधी घ्या, दोन्ही बाजूंची, लांबची बाजू दिसत नसली तरी हलकी काढून ठेवा. मग नाळेची उभी रेष, मग पाण्याची किंवा वाळूची रेष. बूड शेवटी. बहुतेक जण बुडापासून सुरू करतात आणि होडी एका बाजूला झुकते.

थेट शाईने काढावं का, याचं उत्तर: काढा, पण वेगळ्या वहीत, हात मोकळा करायला. जेटीवरची होडी स्थिर नसते. नांगरलेली असली तरी भरती-ओहोटीच्या ओढीने तिचं तोंड फिरतं, आणि तुम्ही अर्ध्यावर असताना कोणीतरी ती घेऊन निघून जातो. हलत्या गोष्टीसाठी पेन्सिल हवीच, कारण तिच्या दोन-तीन फिक्या रेषा एकमेकींवर राहू शकतात. शाईला एकच बोलायचं असतं.

वेळ मात्र निवडता येते. ओहोटीला होड्या वाळूवर किंवा चिखलात टेकतात, काही तास हलत नाहीत, आणि त्यांचं एरवी पाण्याखाली असलेलं बूड दिसतं. पंचांग जवळ असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब माहीत असेलच: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. कोकणात खाली जाल तसा फरक पडतो, तेव्हा तिथल्या कोळ्यांना विचारलेलं बरं. ते हिशेब न मांडता सांगतात.

उजेडाचंही आपल्याकडे वेगळं आहे. सेंत-मारीचा समुद्र दक्षिणेला आहे, आपला पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, डोंगराच्या बाजूने येतो आणि होडीचा गोलवा, फळ्यांचे सांधे, रंग स्वच्छ दिसतात. पेन्सिलीने शिकायची वेळ ती. दुपार कलली की समुद्र चकाकायला लागतो, होड्या काळ्या होतात, माणसांचे फक्त आकार उरतात. त्या वेळी पेन्सिल जवळजवळ निरुपयोगी असते आणि शाईला सोन्याचे दिवस येतात: काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. संध्याकाळचं दृश्य पेन्सिलीत नाजूक छटा देऊन काढता आणि मग शाई ‘बसत नाही’ म्हणता, असं तर होत नाही ना, तपासून बघा.

आता घरची शाई. बाह्यरेषेपासून सुरुवात करू नका. चित्रातली सर्वांत गडद जागा शोधा; बहुधा ती होडीच्या बुडाखालची सावली असते. तिथे शाई टाका. मग दुसऱ्या क्रमांकाची गडद जागा. एवढ्यानेच अर्धी होडी उभी राहते. उजेडाच्या बाजूची कड शाईने काढूच नका. तिथे पेन्सिल पुरते, कधी तीही नको, कोरा कागद पुरतो. शाईची रेष पेन्सिलच्या रेषेवर पडली नाही, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे गेली, तर जाऊ द्या. दोन्ही दिसू देत. पेन्सिलची फिकी रेष शेजारी दिसत राहिली की होडी किंचित डुलते.

लांबच्या गोष्टी पेन्सिलीतच ठेवा. रत्नदुर्गाचा डोंगर, त्यावरचं दीपगृह, क्षितिजावरचं गलबत यांना शाई लावलीत की ते जेटीवर येऊन बसतात. पेन्सिल करडी आणि शाई काळी, हा फरक हवेतलं अंतर दाखवायला आयता मिळालेला आहे. दोन माध्यमं एकत्र वापरायचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण. सगळं शाईने झाकायचं असेल तर पेन्सिल कशाला घेतली?

पाणी. जवळच्या लाटांना मोठे, वळणदार, सुटे फटकारे. लांब जाल तसे ते आखूड, आडवे आणि एकमेकांच्या जवळ. क्षितिजाशी जेमतेम रेघा. फेस काढायचा नसतो, तो सोडायचा असतो: त्याच्या खालची सावली काढली की फेस आपोआप पांढरा दिसतो. ओल्या वाळूत होडीचं प्रतिबिंब उभ्या रेषांनी येतं, पाण्याच्या रेषा आडव्या. या दोन दिशा वेगळ्या ठेवल्या तर वाळू कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. आकाशाला हात लावायचा मोह आवरा. लहान कागदावर ढग भरले की समुद्र दबतो.

जेटीवर फार पसारा असतो, बर्फाच्या गाड्या, प्लास्टिकचे क्रेट, ट्रॉलर, ‘चित्रासारखं’ काही दिसत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलची तक्रार याच जातीची होती. १८२४ मध्ये आजारी बायकोला हवापालट म्हणून तो समुद्रकाठच्या ब्रायटनला घेऊन गेला आणि या गर्दीच्या गावात चित्रकारासाठी फुटणाऱ्या लाटा आणि आकाश यांखेरीज काही नाही, असं त्याने मित्राला कळवलं. त्याच किनाऱ्यावर त्याने वाळूवरच्या मासेमारी नौकांची पेन्सिल आणि शाईची लहान लहान रेखाटनं करून ठेवली. क्रेट काढा. चौकोनी आकार होडीच्या वळणाशेजारी चांगला दिसतो.

पेन्सिल खोडायची की नाही? खोडू नका. वर सांगितलेलं कारण आहेच, शिवाय एक व्यवहाराचं कारण आहे. खोडरबर शाईवरून फिरला की शाईचा वरचा थर उचलला जातो आणि काळा रंग करडा पडतो. अगदीच खोडायची तर शाई पूर्ण वाळू द्या, पावसाळी हवेत रात्रभर, आणि मळून मऊ होणारा खोडरबर दाबून उचला, घासू नका. पेन्सिल एचबी किंवा फार तर टू-बी, हलक्या हाताने. सिक्स-बीसारख्या मऊ पेन्सिलचा जाड थर गुळगुळीत होतो, त्यावर पाण्याची शाई नीट धरत नाही, तुटक होते.

शाई घेताना बाटलीवर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक लिहिलेलं पाहा. फाउंटन पेनची साधी शाई रेषेला छान असते पण बहुधा उजेडात उडते, आणि थेंबभर पाणी पडलं की पसरते. उलट, वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं बंद पडेल. तिच्यासाठी टाक (दौतीत बुडवून लिहायची लेखणी) किंवा बोरू. आणि एक गैरसमज: जुन्या रेखाटनांचा तपकिरी रंग पाहून लोक मुद्दाम तशी शाई शोधतात. व्हॅन गॉगच्या त्या काळातल्या बऱ्याच रेखाटनांची शाई मुळात आज दिसते त्याहून खूप गडद होती. ती उडाली, आणि कागद पिवळा पडला. आपण पाहतो तो फिकेपणा वयाचा आहे. तुम्ही काळीच वापरा.

कागद कार्ट्रिज (चित्रकलेचा साधा कागद) चालेल, पण पातळ नको. चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या पुढचा घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला आवडतो, बोरूला त्याची खरखर मानवते, मात्र प्रत्येक कागदावर शाई फुटते का ते कोपऱ्यात बघून घ्या. कोकणातल्या दमट हवेत उन्हाळ्यात चांगला असलेला कागद जुलैत शाई पसरवतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत, आणि समुद्रावरून आल्यावर पानं पंख्याखाली सुटी करून मगच मिटा. खारी हवा कागदात ओल धरून ठेवते आणि पुढे त्यावर तपकिरी ठिपके येतात. चित्र लॅमिनेट करू नका, कितीही सुरक्षित वाटलं तरी.

एवढं झाल्यावर हे करून बघा. तुमच्याकडच्या पेन्सिलच्या रेखाटनांतलं एक घ्या, खिडकीच्या काचेवर धरून त्यातल्या मोजक्या रेषा तीन कागदांवर हलक्या उतरवा: क्षितिज, होडीचा काठ, डोलकाठी, पाण्याची कड. मग तीन वेगळ्या माणसांसाठी तीनदा शाई करा. एक चित्र काढणाऱ्या मित्रासाठी, ज्याला अर्धं सांगितलं तरी पुरतं. एक घरातल्या कोणासाठी, ज्यांना ती होडी कोणाची आहे ते कळलं पाहिजे. तिसरं, ज्याने रत्नागिरी पाहिलेलीच नाही अशा कोणासाठी. दुसरं करताना पहिलं पालथं घालून ठेवा, तिसरं करताना दोन्ही. तिन्हींत पाण्याच्या रेषा सारख्याच आल्या तर हात अजून गिरवतोय. मग महिनाभर पेन बाजूला ठेवून बोरूनेच काम करा.